धडकेत बंद पडलेला पीएस४ आणि गाडीच्या विम्याचा हिशेब : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

इचलकरंजीहून कोल्हापूरला येताना शिरोली फाट्यावर थांबलेल्या आमच्या गाडीला मागून एका मालवाहू टेम्पोने धडक दिली. कोणालाही इजा झाली नाही. मागचा बंपर डाव्या कोपऱ्यात फाटला, डावा टेल लॅम्प फुटला आणि डिकीच्या झाकणाला पोचा आला. टेम्पोची नंबर प्लेट, दोन्ही गाड्यांची रस्त्यावरची स्थिती आणि चालकाचा परवाना यांचे फोटो जागेवरच काढून ठेवले. एमपरिवहन अॅपवर टेम्पोचा नंबर टाकून पाहिला असता त्याचा विमा चालू असल्याचे दिसले.

डिकीत भाच्याचा प्लेस्टेशन ४ स्लिम (पीएस४, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) होता. शाळा सुरू होण्यापूर्वी चार दिवस मामाकडे राहायचे म्हणून त्याने तो सोबत घेतला होता, आणि बॅगेत भरताना टीव्हीपर्यंत चित्र नेणारी एचडीएमआय केबल यंत्रालाच लावून ठेवली होती. धडकेत बॅग डिकीच्या भिंतीवर आदळली तेव्हा सगळा दाब त्या केबलच्या टोकावर आला असणार, कारण बाहेर काढली तेव्हा केबल पोर्टमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या तिच्या खाचेत, तिरकी रुतलेली होती. घरी आल्यावर जोडून पाहिले. भाच्याच्याच शब्दांत सांगायचे तर, "मामा, लाइट लागतीय, पण टीव्हीवर काय दिसंना झालंय."

गाडीचा विमा ४ जुलैच्या मध्यरात्री संपतो आणि नूतनीकरणाचे कोटेशन आधीच आलेले आहे. त्यामुळे ही दोन्ही कामे एकाच वहीत नोंदवत आहे.

११ जून, मंगळवार

राजारामपुरीतील एका दुरुस्तीच्या दुकानात यंत्र दाखवले. तेथे ते न उघडताच "बोर्ड गेलाय" असे निदान झाले आणि साडेसहा हजार रुपये खर्च सांगण्यात आला. बोर्ड गेला म्हणजे नेमके काय गेले, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, म्हणून यंत्र परत घेऊन आलो.

घरी तपासणी पुढील क्रमाने केली. या यंत्राची दिव्याची पट्टी सुरू होताना आधी निळी होते आणि नंतर पांढरी होऊन स्थिर राहते. ती निळीच लुकलुकत राहून यंत्र बंद पडले, तर मुख्य चिप, मेमरी किंवा वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा लागतो आणि तसे काम घरी करण्यासारखे नसते. आमची पट्टी पांढरी होऊन स्थिर राहत होती, पंखा फिरत होता आणि डिस्क आत ओढली जात होती. केबल बदलली, टीव्ही बदलला, तरी "नो सिग्नल" कायम राहिले. पॉवरचे बटण दुसरी बीप येईपर्यंत, म्हणजे सुमारे ७ सेकंद, दाबून धरले की यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या मर्यादित मेनूत, जाते. तेथेही पडदा काळाच होता.

यानंतरची युक्ती भाच्याची आहे आणि ती सर्वांत उपयोगी ठरली. त्याच्या फोनवर रिमोट प्ले पूर्वीपासून सुरू केलेले होते, म्हणजे यंत्रावरचे चित्र वायफायवरून फोनवर पाहता येत होते. अडचण एवढीच होती की यंत्राला फक्त इचलकरंजीच्या घरातले वायफाय ओळखीचे होते आणि नवे वायफाय जोडायला पडदा दिसणे आवश्यक होते. त्यावर आमच्या राउटरचे नाव आणि पासवर्ड तात्पुरते त्यांच्या घरच्यासारखेच करून ठेवले. थोड्या वेळाने यंत्र आपणहून जोडले गेले आणि फोनच्या पडद्यावर मुख्य मेनू दिसू लागला. बोर्ड जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा नको होता. चित्र तयार होत होते, ते फक्त केबलपर्यंत पोहोचत नव्हते. फोनवरूनच सगळ्या सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. ज्यांच्याकडे रिमोट प्ले आधीपासून सुरू असेल, त्यांनी यंत्र दुकानात देण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी.

१२ जून, बुधवार

गाडीच्या नुकसानीबाबत निर्णयाला वेळ लावता येत नाही, कारण पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीला अपघाताची सूचना विनाविलंब द्यायची असते आणि सर्व्हेअरने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करायची नसते. आज त्याचा हिशेब मांडला.

प्रथम यंत्राविषयी. आपल्या मोटार पॉलिसीत गाडी आणि गाडीवर बसवलेली उपकरणे धरली जातात, डिकीतले घरचे सामान धरले जात नाही. त्यामुळे पीएस४ची भरपाई आपल्या विम्यातून मिळणार नाही. चूक टेम्पोची असल्याने बंपर आणि पीएस४ या दोहोंची भरपाई टेम्पोच्या थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) विम्यातून मागता येते, पण तिचा मार्ग पोलिसांतील नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यांच्यातून जातो. ओळखीच्या वकिलांना विचारले. एवढ्या रकमेसाठी जितक्या तारखा पडतील तितक्यांना हजर राहण्याची तयारी असेल तर करा, असे ते म्हणाले. तो विचार सोडला.

आता गाडी. ती २०१८ च्या जुलैत नोंदलेली, ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि चालू पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापण्याचे जोड-कव्हर) घेतलेले नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने दिलेला अंदाज ११,८०० रुपयांचा आहे: नवा बंपर ३,९००, टेल लॅम्प २,१००, रंगकाम ४,४०० आणि डेंटिंगची मजुरी १,४०० रुपये. क्लेम केल्यास यातील प्रत्येक बाबीला वेगळी कात्री लागते. प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे बंपरचे १,९५० आणि लॅम्पचे १,०५० रुपये मिळतील. रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के रक्कम रंगसामानाची मानून त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे ४,४०० पैकी ५५० रुपये कापून ३,८५० मिळतील. मजुरी पूर्ण मिळते. बेरीज ८,२५० होते. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली की हातात ७,२५० रुपये पडतील.

काच मात्र या घसाऱ्यातून सुटते, तिच्यावर शून्य टक्के लागतो. आमची मागची काच शाबूत राहिली, हे या हिशेबाच्या दृष्टीने निरुपयोगी सुदैव म्हणावे लागेल.

क्लेमची किंमत नो क्लेम बोनसमधून, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणाऱ्या सवलतीतून, मोजावी लागते. क्लेम नसलेल्या सलग वर्षांनुसार हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. आम्ही ५० टक्क्यांवर आहोत. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. नव्या कोटेशनमध्ये बोनसपूर्वीचा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, हप्ता ५,२०० रुपये आहे. तो पुढेही तेवढाच राहील असे धरले, तर ५० टक्क्यांच्या तुलनेत पहिल्या वर्षी २,६००, मग १,५६०, १,३००, ७८० आणि २६० रुपये जास्त भरावे लागतील. एकूण ६,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,६७० रुपये होतात. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता घटत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा कमी येईल, पण ७,२५० रुपये मिळवण्यासाठी जवळजवळ तेवढेच पुढे भरायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे.

संध्याकाळी उद्यमनगरमधील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. बंपर नवा न घालता प्लॅस्टिक वेल्डिंग करून, नवा लॅम्प बसवून आणि डेंटिंग-पेंटिंगसह ते ६,४०० रुपयांत काम करून देतील. क्लेम करायचा नाही, हे येथे नक्की झाले.

१५ जून, शनिवार

यंत्र उघडले. भिंतीतला प्लग काढून बराच वेळ तसेच ठेवले, कारण वीजपुरवठ्याचा डबा आतच बसवलेला आहे आणि त्यातील कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ वीज टिकून राहते. मागच्या बाजूला लहान स्टिकरखाली जे स्क्रू आहेत, त्यांच्या डोक्यात मध्यभागी एक टोक उभे असते, त्यामुळे साधा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसत नाही. भोक असलेला सुरक्षा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर २८० रुपयांना आणावा लागला. चपटा स्क्रूड्रायव्हर घालून जबरदस्ती करू नये, डोके घासले गेले की ड्रिल लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

वरचे कवच, वीजपुरवठ्याचा डबा, डिस्क ड्राइव्ह, धातूचे आवरण आणि मग मदरबोर्ड, अशा क्रमाने भाग निघतात. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवून वाटीखाली त्या टप्प्याचा कागद ठेवला. ड्राइव्हची चपटी रिबन ओढून काढायची नसते. तिच्या सॉकेटची पट्टी नखाने उचलली की ती आपणहून सैल होते. 

भिंगाखाली पोर्ट पाहिल्यावर कारण उघड झाले. एचडीएमआयच्या पोर्टमध्ये मधोमध एक काळी पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून १९ पिना बसवलेल्या असतात. आमच्या पोर्टमधली जीभ डाव्या बाजूला मुळापासून तडकली होती, वरच्या रांगेतल्या तीन पिना एकमेकींवर चढल्या होत्या आणि एक पीन आतल्या बाजूला वळून पत्र्याच्या कवचाला टेकली होती. पोर्टचे चार पाय मात्र बोर्डात घट्ट होते. म्हणजे आघात जिभेने सोसला होता, बोर्डावरचे तांबे उखडले नव्हते. दुकानात साडेसहा हजार सांगितलेले काम या घडीला तरी एका पोर्टचे दिसत होते.

१८ जून, मंगळवार

२२० रुपयांना मागवलेला पोर्ट आला आणि वाया गेला. पीएस४च्या सुरुवातीच्या जाड मॉडेलचा पोर्ट वेगळा असतो, स्लिम आणि प्रोला दुसरा लागतो. विक्रेत्याने नुसते "पीएस४" लिहिलेले होते. पाय बोर्डावरच्या छिद्रांत बसत नाहीत, हे सोल्डर वितळवण्यापूर्वी लक्षात आले, हे बरे झाले. यंत्राखालच्या स्टिकरवर सीयूएचने सुरू होणारा मॉडेल क्रमांक असतो, तो विक्रेत्याला कळवून मगच दुसरा पोर्ट २६० रुपयांना मागवला.

२२ जून, शनिवार

सोल्डरिंगसाठी राजारामपुरीतच मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. घरच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने हे काम होत नाही. पोर्टचे चार पाय बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात आणि तो थर सगळी उष्णता ओढून घेतो. एक पाय वितळेपर्यंत दुसरा थिजलेला असतो, आणि त्या अवस्थेत पोर्ट उपटला तर छिद्रातले तांबेही सोबत येते.

कारागिराने आधी आजूबाजूच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटांवर उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप लावली, आणि जुन्या सोल्डरवर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायचे रसायन) लावून शिशाचे नवे सोल्डर मिसळले. कंपनीचे बिनशिशाचे सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळते, तर शिशाचे १८३ अंशांना. मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो आणि बोर्डाला तेवढा ताप कमी होतो. त्यानंतर बोर्ड खालून तापवून वरून हॉट एअर फिरवली, आणि जुना पोर्ट चिमट्याने उचलल्याबरोबर अलगद वर आला. "दादा, ओढायचं न्हाई. सुटायचा असला की आपणहून सुटतोय," असे ते म्हणाले. विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) छिद्रे साफ करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून, नवा पोर्ट बसवला. पिनांच्या सोल्डरिंगला आयर्नची बारीक टीप वापरली. मजुरी ६०० रुपये ठरली.

घरी आणून बोर्ड, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), पंखा, वीजपुरवठ्याचा डबा आणि हार्ड डिस्क एवढेच जोडून चाचणी घेतली. सेफ मोडचा मेनू टीव्हीवर दिसला. पण नेहमीप्रमाणे सुरू केल्यावर काळा पडदा, मध्येच क्षणभर चित्र, पुन्हा काळा पडदा, असे चालू राहिले. सेफ मोडमधून रिझोल्यूशन कमी केले की चित्र टिकत होते आणि १०८०पी केले की जात होते. कमी वेगाचा सिग्नल जातो आणि जास्त वेगाचा जात नाही, याचा अर्थ कुठला तरी सांधा अर्धवट आहे. पोर्टच्या सगळ्या पिना भिंगाखाली पुन्हा पाहिल्या, त्या निर्दोष होत्या.

२३ जून, रविवार

दिवसभर पाऊस असल्याने विम्याचे कोटेशन घेऊन बसलो. एजंटने सांगितलेला आकडा १०,७१० रुपयांचा आहे. तो फोडल्यावर असा दिसतो: ओन डॅमेज ५,२०० मधून बोनस वजा जाऊन २,६००, थर्ड पार्टी ३,४१६, मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ३५०, झिरो डेप १,४५०, इंजिन संरक्षण ६२०, कन्झ्युमेबल्स (तेल, नटबोल्ट अशा दुरुस्तीत संपणाऱ्या वस्तू) २८०, किल्ली बदलून देण्याचे २१० आणि रस्त्यावरील मदतीचे १५०. बेरीज ९,०७६ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

थर्ड पार्टीच्या ३,४१६ रुपयांवर घासाघीस होत नाही. हा दर सरकार ठरवते, १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो १ जून २०२२ पासून तेवढाच आहे आणि कुठल्याही कंपनीकडे गेले तरी तेवढाच राहतो. १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये लागतात. बोनसची सवलतही या भागावर मिळत नाही. "५० टक्के बोनस असूनही हप्ता निम्मा का होत नाही," या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा भाग सक्तीचा आहे आणि तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

कंपन्यांमध्ये फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, कारण त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले आहेत. जुन्या दरपत्रकातली दोन विभागांची वाटणी मात्र अजून चालते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद 'अ' विभागात, उरलेला देश 'ब' विभागात. एमएच ०९ ची गाडी 'ब' विभागात मोडते, त्यामुळे त्याच गाडीला पुण्यातल्या नोंदणीपेक्षा मूळ दर थोडा कमी बसतो.

दुसऱ्या एका कंपनीचे कोटेशन १,०५० रुपयांनी स्वस्त होते. बारकाईने पाहिल्यावर कळले की त्यात आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, ३,६०,००० ऐवजी २,९५,००० धरला आहे. गाडीला पाच वर्षे होईपर्यंत आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने निघतो, त्यानंतर तो कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतो, आणि स्वस्ताईचा हा खेळ तेथेच खेळला जातो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरून आयडीव्हीवरच भरपाई मिळते. तेव्हा आज १,०५० वाचवून त्या दिवशी ६५,००० गमावायचे, असा तो सौदा आहे. नाकारला.

इंजिन संरक्षण ठेवले. आमचे पार्किंग नागाळा पार्कच्या उताराला आहे आणि २०१९ व २०२१ चे पूर कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पाणी वाढू लागले की गल्लीतला प्रत्येक जण हे आकडे तासातासाला विचारत असतो. पुराने झालेले नुकसान ओन डॅमेजमध्ये धरले जाते, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पण पाणी शिरलेले इंजिन कोणी चालू केले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते नंतर ओढवून घेतलेले नुकसान म्हणून साधी पॉलिसी नाकारते. इंजिन संरक्षण असले तरी बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, टो करूनच न्यायची.

झिरो डेपवर बराच विचार केला. आम्ही लहान क्लेम करणारच नसू, तर १,४५० रुपये कशाला, असे आधी वाटले. पण मोठ्या अपघातात आमच्या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के कापले जातात, आणि बोनस गमावूनही क्लेम करावा लागेल अशी वेळ नेमकी तीच असते. ठेवले. ऐच्छिक वजावट, म्हणजे क्लेममधली ठरावीक रक्कम आपणच सोसण्याची तयारी, मात्र घेतली नाही. २,५०० रुपयांच्या वजावटीला कंपनी ओन डॅमेजवर ७५० रुपये सूट दाखवते, पण ती बोनसच्या आधी वजा होत असल्याने प्रत्यक्षात ३७५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे सुमारे ४४२ रुपयेच वाचतात.

किल्ली आणि कन्झ्युमेबल्स काढायला सांगितले. वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, पण मालकाकडे १५ लाखांची अपघात पॉलिसी आधीच असेल तर तसे घोषित करून तो वगळता येतो. माझ्याकडे ती आहे. एजंटला हे माहीत होते. विचारेपर्यंत त्याने सांगितले नाही, एवढेच.

२६ जून, बुधवार

काळ्या पडद्याचे कारण सापडले. पोर्टच्या मागे, चिपकडे जाणाऱ्या वाटेवर, तांदळाच्या कणीएवढे फिल्टर असतात आणि सिग्नलच्या प्रत्येक जोडीला एक फिल्टर असतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक फिल्टरच्या आत-बाहेरच्या टोकांना लावला. एकाची एक बाजू वाजली, दुसरी वाजली नाही. भिंगाखाली त्या टोकाशी केसाएवढी भेग दिसली. ती धडकेत पडली की हॉट एअरमध्ये, हे सांगता येत नाही. कारागिराने भंगारातल्या बोर्डावरून तसाच फिल्टर काढून बसवला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

ज्यांना पोर्ट बदलायचा आहे त्यांनी ही तपासणी पोर्ट बसवण्यापूर्वीच करावी. जुना पोर्ट निघालेला असताना जागा मोकळी असते आणि मीटरची टोके सहज टेकतात. १०८०पीवर चित्र स्थिर आहे.

२९ जून, शनिवार

हीटसिंक निघालेलाच होता, त्यामुळे मुख्य चिपवरची वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पंख्याच्या पात्यांत आणि हीटसिंकच्या फटींत सुतासारखी धूळ बसली होती. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खात्याजवळ घर असल्यावर निराळे काय निघणार? ब्रशने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवला. पुन्हा बांधताना ड्राइव्हची रिबन तिरकी बसली आणि डिस्क घेईना, म्हणून वरचा भाग परत उघडावा लागला. त्यानंतर बराच वेळ खेळ चालवून पाहिला. पंख्याचा आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट कमी आहे.

खर्च: स्क्रूड्रायव्हर २८०, दोन पोर्ट ४८०, आयसोप्रोपिल अल्कोहोल १८०, थर्मल पेस्ट २५०, फ्लक्स आणि विक ३००, मजुरी ६००. एकूण २,०९० रुपये. हॉट एअरचा हात नसलेल्याने मजुरीचे ६०० वाचवायला जाऊ नये.

उद्यमनगरहून गाडीही आली. वेल्डिंगचा सांधा बंपरच्या आतून दिसतो, बाहेरून दिसत नाही. रंगाची छटा उन्हात किंचित वेगळी वाटते.

१ जुलै, सोमवार

सुधारित हप्ता भरला: २,६०० अधिक ३,४१६ अधिक १,४५० अधिक ६२० अधिक १५०, म्हणजे ८,२३६ आणि जीएसटीसह ९,७१८ रुपये. पहिल्या आकड्यापेक्षा ९९२ रुपये कमी. मुदतीपूर्वी भरल्याने पाहणीची कटकट झाली नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर साचलेला बोनस जातो, हेही ध्यानात असावे. गाडी विकली तरी बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो आणि नव्या गाडीवर घेता येतो.

५ जुलै, शुक्रवार

पॉलिसीची प्रत आली. इंजिन व चॅसी क्रमांक, आयडीव्ही, बोनसची टक्केवारी आणि निवडलेली जोड-कव्हरे आरसी बुकशी आणि कोटेशनशी ताडून पाहिली. ती बरोबर आहेत. मात्र बँकेचा बोजा अजून दाखवलेला आहे, जरी कर्ज गेल्या वर्षीच फिटले. हा बोजा राहिला तर गाडी पूर्ण निकामी झाल्यास भरपाईचा चेक आधी बँकेच्या नावाने निघतो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती आरटीओकडे देऊन आरसीवरून बोजा आधी उतरवावा लागेल, त्यानंतर कंपनीकडून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यायची आहे. बँकेत अर्ज दिला आहे, पत्राची वाट पाहत आहे.

पीएस४ भाच्याकडे पोहोचला. केबल काढून, वेगळ्या पिशवीत.